झिजेन, पण मोडणार नाही!

गावाबाहेरच्या एखाद्या जुन्या विहिरीपाशी किंवा बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत एक लोखंडी धूड गंजत पडलेले तुम्ही पाहिले असेल. दोन बाजूंना दोन जड चाके, मध्ये उभा सिलिंडर आणि अंगावर अक्षरे पुसट झालेली एक पट्टी. हे ऑईल इंजिन. वीज खेडोपाडी पोहोचण्यापूर्वी महाराष्ट्रातल्या कित्येक मळ्यांना याच इंजिनाने पाणी पाजले आणि गावाचे दळणही यानेच दळले. त्याचा आवाज कसा होता ते आजी-आजोबांना विचारा. ते लगेच ‘पुक् पुक् पुक्’ अशी नक्कल करून दाखवतील!

पन्नास-साठ वर्षांचे असे इंजिन बहुधा भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने जाते. पण एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाती ते पडले, तर तो ते उघडतो, साफ करतो, चार-दोन भाग बदलतो आणि इंजिन पुन्हा पुक्-पुक् करू लागते. घरातले एखादे उपकरण पाच-सात वर्षांत टाकून द्यावे लागते आणि हे धूड दोन पिढ्यांनंतरही जागे होते. असे का? हे यंत्र झिजतच नाही का? झिजते तर! मग त्याच्या टिकाऊपणाचे रहस्य कशात आहे?

इंजिनाचे कूळ

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालले. ते सुमारे २० अश्वशक्तीचे होते. त्यानंतर शेतकऱ्याला परवडतील अशी लहान इंजिने अनेकांनी बनवली. इंग्लंडमधील डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९३०च्या सुमारास बाजारात आणलेले ‘सी. एस.’ इंजिन त्यांतले फार गाजलेले. सी. एस. म्हणजे ‘कोल्ड स्टार्टिंग’. त्याआधीच्या पुष्कळ इंजिनांचे डोके सुरू करण्यापूर्वी स्टोव्हसारख्या ज्योतीने तापवावे लागे. हे इंजिन मात्र थंड असतानाच हँडल मारून सुरू होई. डर्सलीत त्याचे उत्पादन १९८७ पर्यंत चालू होते. राजकोटच्या कारखान्यांनी याच धर्तीची इंजिने मोठ्या संख्येने बनवली. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली, तर पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली.

या इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो आणि बॅटरीही नसते. दट्ट्या म्हणजे पिस्टन वर जाताना सिलिंडरमधील हवा इतकी दाबतो, की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला, की ते आपोआप पेटते. हवा दाबली की तापते, हे तुम्हाला सायकलला हवा भरताना कळलेले आहेच. पंपाचे टोक हाताला गरम लागते ना? तेच हे तत्त्व.

सावकाश चाल, दीर्घ आयुष्य

आता थोडे गणित करू. लिस्टरचे सहा अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते. त्याचा दट्ट्या एका खेपेला सुमारे १४ सेंटिमीटर सरकतो. एका फेऱ्यात तो एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे २८ सेंटिमीटर चालतो. तेव्हा मिनिटाला १८२ मीटर, अर्थात सेकंदाला सुमारे ३ मीटर, हा त्याचा सरासरी वेग झाला.

समजा, एका मोटारसायकलच्या दट्ट्याची खेप साडेपाच सेंटिमीटर आहे आणि इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत आहे. त्याच रीतीने हिशेब केला तर वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर येतो. म्हणजे पाचपट! शिवाय दट्ट्याला प्रत्येक खेपेच्या शेवटी थांबून उलट दिशेला धावावे लागते. त्यामुळे भागांवर जो ताण येतो, तो फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट केले, की ताण चौपट होतो. ऑईल इंजिन सावकाश चालते, म्हणून त्याच्या भागांना हा मार फार कमी बसतो.

पण निसर्गात फुकट काही मिळत नाही. या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या सुमारे १,४३० घनसेंटिमीटर जागा व्यापतो आणि शक्ती मात्र सहाच अश्वशक्ती. आजची शंभर घनसेंटिमीटरची मोटारसायकलही साधारण आठ अश्वशक्ती देते. सावकाश चालीची किंमत वजनात मोजावी लागते. हे इंजिन तीनशे किलोंहून जड असते. विहिरीवर एका जागी बसून काम करायचे असल्याने हे वजन कोणाला जाचले नाही.

दोन जड चाके कशासाठी?

बाजूची मोठी चाके म्हणजे प्रचक्रे, मिस्त्रींच्या भाषेत फ्लायव्हील. चार खेपांच्या या इंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदाच इंधन जळते. उरलेल्या तीन खेपांसाठी लागणारी ऊर्जा कुठून येते? ती या चाकांत साठवलेली असते. कुंभाराचे चाक एकदा फिरवून दिले, की काठी काढून घेतल्यावरही फिरत राहते, तसेच हे.

इंजिन सुरू करतानाही चाके उपयोगी पडतात. प्रथम एक खिटी लावून झडप उघडी ठेवतात, म्हणजे हवा दाबली जात नाही आणि हँडल हलके फिरते. चाकांनी वेग घेतला, की झडप मोकळी करतात. हवा दाबण्याचे अवघड काम मग चाकांतील ऊर्जाच करते आणि ‘पुक्’!

झिजायचे कोणी?

आता आपण मूळ रहस्याकडे आलो. जेथे घर्षण आहे तेथे झीज आहे. ती कोणालाच टाळता येत नाही. चांगला अभियंता म्हणूनच आधी ठरवतो, की झिजायचे कोणी. महाग, मोठ्या भागाजवळ तो एक स्वस्त, बदलता येणारा भाग बसवतो आणि झीज त्याच्या वाट्याला देतो.

क्रँकशाफ्ट हा इंजिनाचा कणा. तो कठीण पोलादाचा असतो. त्याला दट्ट्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये मात्र ‘व्हाईट मेटल’ नावाच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर असते. कथील, तांबे आणि अँटिमनी यांचा असा मिश्रधातू बेअरिंगसाठी वापरण्याची कल्पना अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली मांडली. तेलातून आलेला बारीक कण या मऊ धातूत रुतून बसतो आणि शाफ्टवर ओरखडा उठत नाही. तेल संपलेच, तर हे अस्तर आधी वितळते आणि शाफ्ट वाचण्याची आशा राहते. अस्तर बदलले की काम झाले!

सिलिंडरच्या आत घातलेली नळी, म्हणजे लायनर, झिजली तर नळी बदलायची. अख्खे इंजिन नाही. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या तर रिंगा बदलायच्या. झडप नीट बसत नसेल, तर घासण्याच्या मलमाने ती तिच्या बैठकीवर घासून पुन्हा बसवायची. यंत्र टिकाऊ आहे याचा अर्थ ते झिजत नाही असा नव्हे. झिजलेला भाग ओळखता, काढता आणि बदलता येतो, ते यंत्र टिकाऊ.

आणखी एक युक्ती पाहा. जो भाग नाहीच, तो बिघडणार कसा? या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी पुष्कळदा शेजारी पाण्याची टाकी असते, पण पाणी खेळवणारा पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन नळीने वर टाकीत चढते आणि टाकीतले थंड, जड पाणी खालून इंजिनात येते. घनतेतील थोडासा फरकच पंपाचे काम करतो.

गंजलेले इंजिन जागे करताना

बंद इंजिनाची चाके हलत नसली, की अनेक जण हातोडा उचलतात. ही सर्वांत मोठी चूक! ओतीव लोखंड दाब सोसते, पण घाव बसला की तडकते. दट्ट्या अडकतो तो बहुधा गंजामुळे. लोखंडाचा गंज झाला, की त्याचे आकारमान दुपटीहून अधिक होते आणि दट्ट्याभोवतीची बारीक फट भरून जाते. उपाय आहे धीराचा. डिझेल व वंगणतेल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओतून काही दिवस वाट पाहायची. केशाकर्षणाने ते फटीत शिरते. मग चाक हाताने हळूहळू मागेपुढे हलवायचे.

प्रत्येक भाग काढताना चित्र काढा, त्याला चिठ्ठी बांधा. नंतर मोजमाप घ्या. लायनरचा आतला व्यास वर, मध्ये आणि खाली मोजला, तर तो वरच्या टोकाजवळ जास्त भरतो. कारण तेथे उष्णता व दाब सर्वाधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. डॉक्टर नाडी पाहतो, तसा मिस्त्री ही झीज वाचतो.

काही गोष्टी मात्र मोठ्या माणसांवरच सोपवा. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ते कोरडे घासून धूळ उडवू नये. इंजिन सुरू करण्यापूर्वी वेग आवरणारा गव्हर्नर मोकळा हलतो ना, हे पाहिलेच पाहिजे. तो अडकला तर इंजिन बेफाम सुटते आणि ओतीव चाक फुटू शकते. फिरत्या चाकाजवळ सैल कपडे नकोत आणि बंद खोलीत इंजिन चालवणे नको, कारण धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो.

किती नवे करायचे?

इंजिन चालू झाले, की ते चकचकीत रंगवावेसे वाटते. जरा थांबा! त्या पट्टीवरचा क्रमांक, मूळ रंगाचा उरलेला थर, एखाद्या मिस्त्रीने घरीच घडवून बसवलेला बोल्ट, हा सारा त्या यंत्राचा इतिहास आहे. एकदा घासून टाकला, की तो परत येत नाही. चालण्यासाठी आवश्यक तेवढेच बदलावे, काढलेला भाग जपून ठेवावा आणि काय बदलले ते वहीत लिहावे.

मग रोजच्या पाण्यालाही हेच इंजिन वापरायचे का? नाही. जेथे वीज आहे, तेथे विजेची मोटर कमी खर्चात, कमी आवाजात आणि विहिरीवर धूर न करता काम करते. जुन्या इंजिनाचे महत्त्व वेगळे आहे. ते उघडून दाखवता येते. उष्णता, दाब, घर्षण, घनता हे तुमच्या पुस्तकातले धडे त्यात एकत्र काम करताना दिसतात. आणि इंजिन भंगारात गेले, की ते दुरुस्त करणाऱ्या हातांचे ज्ञानही त्याच्यामागे जाते.

हे ज्ञान आजही लागणार आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचे गुण छापणे सक्तीचे झाले. भारत सरकारनेही २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि तिच्यासमोर ठेवलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारेही होती.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग मोकळ्या हवेत करा. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घ्या. गंजलेला पाना बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा पत्रा धन टोकाला जोडा. दोन्ही एकमेकांना न लागता पाण्यात बुडवा आणि मगच १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडा. स्टेनलेस स्टीलचा पत्रा वापरू नका; त्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात येतात. पान्यावर हायड्रोजनचे बुडबुडे येतील, म्हणून जवळ ज्योत नको. काही तासांनी प्रवाह बंद करून पाना काढा आणि ब्रशने घासा. गंज सुटून येईल. पाना लगेच पुसून तेल लावा.

आणि गावात एखादे जुने इंजिन असेल, तर त्याच्या पट्टीवरील मजकूर वहीत उतरवून घ्या. ते चालवणारे कोणी हयात असतील, तर त्यांच्याजवळ बसून ते कसे सुरू करत, कुठे अडत आणि कोणता भाग वारंवार बदलत, हे विचारा. हे पुस्तकात मिळणार नाही.