डफ, गिटार आणि कलम ३७

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या दंडाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांतून सणावारांच्या, निवडणुकांच्या किंवा आंदोलनांच्या दिवसांत जो मनाई हुकूम वेळोवेळी जारी होतो, आणि जो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत छापला जाऊन वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटतो, त्यात शस्त्रे, सोटे, दगड आणि स्फोटक द्रव्ये यांच्या जोडीला आणखी एका गोष्टीची मनाई असते: सार्वजनिक ठिकाणी गाणी म्हणणे आणि वाद्ये वाजविणे. हा अधिकार १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ ने दंडाधिकाऱ्यांना दिला. पुढे त्या कायद्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले, परंतु दगड बाळगणे आणि गाणे म्हणणे यांना एकाच यादीत बसविणारी ती रचना जशीच्या तशी राहिली. याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाखाली जमाव आणि मिरवणुका यांना मनाई करता येते, आणि ती राज्य शासनाच्या मंजुरीवाचून १५ दिवसांपलीकडे चालू ठेवता येत नाही. दंगलीच्या प्रसंगी असा अधिकार कोणाच्या तरी हाती असावा लागतो, हे मला मान्य आहे. परंतु गाणे हे मुळात शांततेस धोका पोहोचविणारे साधन आहे, हा जो समज त्या यादीत गृहीत धरलेला आहे, तो मला मान्य नाही. आणि कृष्णाकाठचा इतिहासही त्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

मी इंग्रजी रॉक संगीताचा, त्यातही १९६० ते १९८० या दोन दशकांतील रॉकचा, जुना श्रोता आहे. ज्यांनी ते ऐकलेले नाही त्यांच्यासाठी इतके सांगितले पाहिजे की अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या शोकगर्भ गायनातून हे संगीत निपजले. विजेवर चालणारी गिटार, तिला तळाशी आधार देणारी बेस गिटार आणि पाश्चात्त्य धर्तीचे ढोल एवढा त्याचा मूळ संच असून, ध्वनिवर्धकाच्या क्षमतेपलीकडे आवाज ताणला असता तारेच्या स्वरास जो खरखरीत, फाटलेला पोत येतो, तोच या संगीताने दोष न मानता अलंकार म्हणून स्वीकारला. ज्याने कवलापूरच्या जत्रेत तुणतुण्याची तार आणि कडाडणारी ढोलकी ऐकली आहे, शाहिराने कडवे टाकताच मागून झीलकऱ्यांचा 'जी जी' उसळतो तेव्हा अंगावर उठणारा काटा ज्याने अनुभवला आहे, त्याला रॉक परके वाटण्याचे कारण नाही. दोहोंतही एक कंठ पुढे होतो आणि अनेक कंठ त्याला उचलून धरतात. दोहोंतही सौष्ठवापेक्षा जोर महत्त्वाचा. आणि दोहोंच्या मागे पोलिसांचे दप्तर सावलीसारखे लागलेले आहे.

हे दप्तर दोन प्रकारचे असते. एकात आवाजाची नोंद होते आणि दुसऱ्यात अर्थाची. ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरील आपल्या कंपनीच्या इमारतीच्या गच्चीवर बीटल्स हा चौघांचा वाद्यवृंद पूर्वसूचना न देता वाजवू लागला, तेव्हा आसपासच्या व्यापाऱ्यांनी गोंगाटाची फिर्याद केली, रस्ता गर्दीने अडला, आणि पोलीस वर चढले. परंतु त्यांनी गाण्यांचा अर्थ विचारला नाही, आवाज थांबवा एवढेच सांगितले, आणि सुमारे ४२ मिनिटांनी तो कार्यक्रम कोणाचेही डोके न फुटता संपला. त्याच चौघांपैकी जॉन लेनन पुढे अमेरिकेत राहू लागला आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरुद्ध सभांतून गाऊ लागला, तेव्हा तेथील केंद्रीय तपासखात्याने त्याच्या मागे हेर लावले, त्याच्या एका गाण्याचे शब्द उतरवून आपल्या फायलीत ठेवले, आणि १९७२ पासून त्याला देशाबाहेर घालविण्याचा जो खटाटोप शासनाने आरंभिला तो १९७५ साली न्यायालयाने हाणून पाडला. पहिले काम पोलिसांचे होते. दुसरे कधीच पोलिसांचे नव्हते. चेकोस्लोव्हाकियात १९७६ साली प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स या रॉक मंडळीच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या झालेल्या अटकेतूनच सत्तेला सनदशीर जाब विचारणारा 'चार्टर ७७' उभा राहिला, हे पाहिले म्हणजे अर्थाची चौकी बसविणाऱ्या शासनाच्या पदरी अखेर काय पडते हे ध्यानात येते.

आपल्याकडे ही चौकी फार जुनी आहे. वाळवे तालुक्यातील वाटेगाव या गावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले अण्णाभाऊ साठे यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, आणि गिरणगावातल्या चाळींपासून खेड्यांतल्या पारांपर्यंत श्रमिकांचे दुःख डफावर चढविले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या शासनाने अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदी घातली. तमाशात बीभत्स काही नव्हते असा दावा मी करणार नाही. परंतु बंदीचा वरवंटा फिरला तो शृंगारिक लावणीवर जितका, तितकाच राज्यकर्त्यांना झोंबणाऱ्या वगावरही. अण्णाभाऊंनी यावर जो उपाय योजिला तो त्यांच्या प्रतिभेस साजेसा होता: गणातील देवतास्तवनाच्या जागी मायभूमीचे आणि श्रमिकांचे वंदन आणून, गवळण वगळून, त्यांनी त्या रूपाला लोकनाट्य म्हणून नव्याने उभे केले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तेच रूप शासनाला पूर्वीपेक्षा अधिक जड गेले. मनाई हुकुमाने एक कला संपविण्याऐवजी दुसरी जन्मास घातली, असे येथे म्हणावे लागते. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी निवर्तले आणि त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांत अमर शेखही अपघातात गेले. अमेरिकेत वुडस्टॉकचा तो प्रचंड संगीतमेळा भरला होता तो याच दोन मृत्यूंच्या मधल्या ऑगस्टमध्ये. एका भूभागावर प्रतिकाराच्या गाण्याचा महोत्सव होत असता दुसऱ्या भूभागावर त्याच जातीच्या गाण्याचे दोन महान कंठ मिटत होते, आणि आमच्या रॉकप्रेमी मंडळींपैकी फार थोड्यांना त्या दुसऱ्या गोष्टीची वार्ता आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे बंधू, ज्यांना अवघा महाराष्ट्र काळू-बाळू या नावाने ओळखतो, यांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. 'जहरी प्याला' या वगातील त्यांच्या दोन हवालदारांनी कित्येक वर्षे जत्राजत्रांतून प्रेक्षकांना हसवून लोळविले. कनातीबाहेर खरे हवालदार बंदोबस्ताला उभे आणि आत रंगमंचावर त्यांच्याच गणवेषाची फजिती चाललेली, हे दृश्य या मुलुखाने वर्षानुवर्षे पाहिले, आणि त्यामुळे कायद्याचा धाक कमी झाला असे कोणी म्हटले नाही. ज्या समाजात शिपायाला रंगमंचावर हसता येते, त्या समाजात शिपायाशी रस्त्यावर बोलताही येते.

आता मोर्चा. १९४२ साली आजचे तासगाव, वाळवे, खानापूर हे सारे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्यालाच १९६० पासून सांगली हे नाव मिळाले. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात या अखंड साताऱ्यात मामलेदार कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चांची मालिकाच सुरू झाली. कार्यक्रम एकच: मिरवणुकीने कचेरीवर जायचे आणि तिरंगा लावायचा. तासगावला ३ सप्टेंबर रोजी तो लागला आणि रक्त सांडले नाही. सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीसमोर त्याच स्वरूपाच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे हे गोळीबारात ठार झाले. तासगाव आणि वडूज यांत फरक जमावाच्या वागणुकीचा नव्हता. फरक पडला तो कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या निर्णयाचा.

अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी नॅशनल गार्डच्या सैनिकांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडून चार विद्यार्थ्यांना ठार केले, तेव्हा नील यंग या रॉक गायकाने काही दिवसांतच 'ओहायो' हे गाणे रचले आणि ते जूनमध्ये बाजारात आले. त्या चार मृत्यूंची आठवण आज जगभर आहे ती पुष्कळ अंशी त्या गाण्यामुळे. आपल्या वडूज-इस्लामपूरनंतर जे घडले तेही असेच होते, किंबहुना अधिक खोल होते. निःशस्त्र मार्ग बंद झाल्यावर १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार आकारास आले, न्यायदान मंडळे बसली, तुफान सेना उभी राहिली, आणि या साऱ्या भूमिगत राज्यव्यवहाराचा निरोप खेडोपाडी पोहोचविला तो शाहीर शंकरराव निकम यांच्या डफाने. त्यांच्यासाठी पोवाडे रचणाऱ्यांत पुढे 'गदिमा' म्हणून कीर्ती पावलेले माडगूळचे तरुण कवी होते. इंग्रजी पोलिसांच्या हद्दीतून औंध संस्थानाच्या हद्दीत निसटलेली माणसे कुंडलसारख्या गावी आश्रय घेत. वर्तमानपत्रांवर निर्बंध असताना कोणत्या गावी काय घडले ते पोवाडा सांगे. बातमी आणि हिंमत या दोन्ही वस्तू एकाच पोत्यातून वाहून नेण्याची ती व्यवस्था होती.

संगीत निरपवादपणे निष्पाप असते असे मात्र मी म्हणणार नाही. १८९४ साली सातारा जिल्ह्यातील वाई येथे मशिदीजवळ वाद्ये वाजविण्यावरून तंटा होऊन हिंदू नागरिकांवर खटले झाले. वाद्य हे दुसऱ्याच्या दाराशी जाऊन त्याला हिणविण्याकरिता वाजविता येते, आणि तेव्हा पोलिसांनी मध्ये पडणे हे त्यांचे कर्तव्यच ठरते. बंदोबस्त नसल्याने काय होते तेही रॉकच्या इतिहासात लिहिलेले आहे. कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे ६ डिसेंबर १९६९ रोजी रोलिंग स्टोन्स या रॉक मंडळीच्या कार्यक्रमाला सुमारे तीन लाख लोक लोटले असता व्यासपीठाचे रक्षण हेल्स एंजल्स या दांडगट मोटारसायकलस्वारांकडे सोपविले गेले, आणि त्यांच्यापैकी एकाने एका अठरा वर्षांच्या तरुणाला भोसकून मारले. जे रॉकप्रेमी पोलिसांच्या नावानेच नाक मुरडतात त्यांनी आल्टामाँट विसरू नये.

मग पोलिसांनी काय मोजावे? माझ्या मते आवाज मोजावा. त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घालून दिलेली आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरील ध्वनिवर्धकास मनाई आहे. डेसिबलची चढण साध्या बेरजेची नव्हे: दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते, वीस वाढले म्हणजे शंभरपट. द हू या मंडळीने १९७६ साली लंडनमध्ये ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल इतका आवाज केल्याची नोंद गिनीजच्या ग्रंथात झाली होती. पुढे श्रवणहानीच्या भयाने त्या ग्रंथाने हा विक्रम नोंदविणेच सोडून दिले. रॉकवर माझे प्रेम असूनही, विसर्जन मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करून आजाऱ्यांची आणि तान्ह्या मुलांची छाती धडधडविणाऱ्या डीजेच्या बाजूने मी एक शब्दही बोलणार नाही. यंत्र लावावे, आकडा वाचावा, पंचनामा करावा आणि यंत्रणा जप्त करावी. त्यात गाणे भक्तीचे होते की चित्रपटातले, मंडळ कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न निघतच नाही. मापकाला पक्ष नसतो, आणि म्हणूनच शिपायाच्या हातात लाठीपेक्षा मापक असलेला मला अधिक आवडतो.

मोर्चाच्या बाबतीत तर या दोन्ही जिल्ह्यांनी एक असाधारण दाखला घालून दिला. २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठा क्रांती मोर्चाच्या वेळी सांगलीत आणि साताऱ्यात अपार जनसमुदाय रस्त्यावर उतरला, तो घोषणा न देता, अग्रभागी तरुण मुलींना ठेवून. इतकी माणसे असूनही पोलिसांना वाहतूक वळविण्यापलीकडे फारसे काम उरले नाही. मागण्यांविषयी मतभेद असोत. मला येथे दिसते ते हे की जमावाला स्वतःची लय सापडली म्हणजे त्याचा बंदोबस्त तो स्वतःच करतो. ती लय कधी पोवाड्याची असते, कधी भजनाची, आणि कधी मौनाची. याच्या उलट, नोव्हेंबर २०१२ मध्ये ऊसदराच्या आंदोलनात सांगली जिल्ह्यातील वसगडे येथे पोलिसांच्या गोळीने एका शेतकऱ्याचा प्राण गेला, आणि वडूजला सत्तर वर्षे झाल्यानंतरही निःशस्त्र शेतकऱ्यापुढे बंदूक उचलली जाऊ शकते हे सिद्ध झाले.

म्हणून मागणी अगदी मर्यादित आहे, आणि ती मान्य करण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. कलम ३७ खालील हुकूम काढताना त्यातील प्रत्येक मनाई छापील नमुन्यातून उतरवून घेण्याची रूढी सातारा आणि सांगलीच्या दंडाधिकाऱ्यांनी मोडावी. दगड, सोटे आणि स्फोटके यांना खुशाल मनाई करावी, परंतु गाण्याला आणि वाद्याला मनाई करावयाची झाल्यास कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी आणि कोणत्या घटनेच्या भयाने ती केली जात आहे हे त्याच हुकुमात लेखी नमूद करावे, म्हणजे ज्या शाहिराला ती अन्यायाची वाटेल त्याला न्यायालयात दाद मागताना निदान काहीतरी खोडून काढता येईल.