जुना ट्रॅक्टर कोणत्या सालचा?

सुरत-बारडोलीच्या ऊसपट्ट्यात जुना ट्रॅक्टर घेताना रंगावर, बॉनेटवर विसंबू नका. दोन्ही बदलता येतात. आधी कंपनीची पाटी शोधा. बडोद्याच्या ‘हिंदुस्तान’चा काळ तर पाटीवरच्या नावावरूनच कळतो. ‘हिंदुस्तान ट्रॅक्टर्स’ असेल तर साधारण १९७८ पूर्वीचा. त्या साली गुजरात सरकारने कारखाना घेतला आणि ‘गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन’ हे नाव आलं. १९९९मध्ये तो महिंद्राकडे गेला.

पाटी गायब असेल तर चॅसिसवर ठोकलेला नंबर रॉकेलच्या फडक्याने साफ करा, वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा. आकडे उमटतात. इंजिनच्या नंबरावर मात्र विसंबू नका, इंजिन मागाहून बदललेलं असू शकतं. छाप आरसी बुकाशी जुळली नाही, तर विसार देऊ नका.