नाव तेच, हात निराळे

बडोद्यात आमच्या कॉमर्सच्या वर्गात ‘वन पंच मॅन’ या जपानी ॲनिमे मालिकेचे चाहते पुष्कळ. तिचे दुसरे पर्व (२०१९) म्हणजे निव्वळ फसवणूक, असा त्यांचा निकाल. मला तो अर्धाच पटतो.

पहिले पर्व २०१५ साली मॅडहाऊस या संस्थेने काढले, दुसरे जे. सी. स्टाफने. दिग्दर्शकही बदलले. जपानात बहुधा अनेक कंपन्या भांडवल घालून समिती करतात आणि चित्रे काढण्याचे काम एखाद्या संस्थेकडे सोपवतात. हिशेबाच्या पुस्तकात ज्याला नावलौकिक म्हणतात, तो दुसऱ्या पर्वाला आयता मिळाला. तो कमावणारे बरेचसे हात मात्र आले नाहीत. मारामारीतली गती मंदावली, हे खरेच.

पण नायक सैतामा एका ठोशात सारे संपवतो. मग उत्सुकता वाटावी ती कोणाबद्दल? इथे गारो येतो. लहानपणापासून हरणाऱ्या राक्षसाची कड घेणारा, वीरांची शिकार करणारा माणूस. तो दमतो, रक्तबंबाळ होतो, पुन्हा उठतो. शेवटाकडे वीर त्याला एका झोपडीपाशी घेरतात. आत एक लहान मुलगा असतो. त्याला इजा होऊ नये म्हणून हा ‘राक्षस’ दारात उभा राहून मारा झेलतो. तिथली चित्रे साधीच आहेत. माझे तिकडे लक्षही गेले नाही.