सातबारा मोबाईलवर पाहू या

सातबारा हा शब्द आपल्या तोंडी रोज असतो. "आधी तुझा सातबारा दाखव," असे आपण चेष्टेनेही म्हणतो. पण स्वतःचा सातबारा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आहे असे किती जण निघतील? पूर्वी वाचता येत नव्हते. आता तुम्हाला वाचता येते. मग पहिला कागद आपल्याच जमिनीचा वाचू या की!

त्यासाठी तालुक्याला जायला नको. एस.टी.चे भाडे नको. रोज बुडवायला नको. मोबाईलवर सातबारा नुसता पाहायला एक पैसाही पडत नाही.

सरकारने यासाठी एक जागा केली आहे. तिचे नाव महाभूलेख. मोबाईलवर जिथे शोधतो तिथे माईकचे चित्र असते. त्यावर बोट ठेवा आणि मोठ्याने "महाभूलेख" म्हणा. चार-पाच नावे पुढे येतील. सगळी खरी नसतात हो! सारख्याच नावाच्या खाजगी जागाही असतात. खरा पत्ता असा आहे: भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे की नाही, ते आधी पाहावे. ही अक्षरे इंग्रजी असतात. ती येत नसतील तर घरातल्या शाळकरी मुलीला हाक मारा. त्यात लाज कसली?

आत गेल्यावर आपला विभाग निवडायचा. पुणे, नाशिक, कोकण, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर असे सहा विभाग आहेत. मग सातबारा, मग जिल्हा, तालुका आणि गाव. गट नंबर ठाऊक असेल तर तो लिहा. नसेल तर नावाने किंवा आडनावाने शोधता येते. मोबाईलचा नंबर मागतात, तो द्यावा. शेवटी वेडीवाकडी अक्षरे दाखवतात, ती तशीच लिहावी. झाले! सातबारा समोर येतो.

एवढ्या कामाला बँकेच्या खात्याचा नंबर लागत नाही. ए.टी.एम.चा आकडाही लागत नाही. कोणी तो मागू लागला तर तिथेच थांबा.

आता वाचू या. सातबारा म्हणजे दोन नमुने. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाची ते असते. गाव नमुना १२ मध्ये पीक कोणते ते असते. भोगवटादार म्हणजे जमीन ज्याच्या नावे आहे तो. वर 'भोगवटादार वर्ग १' असेल, तर जमीन सहसा विनापरवानगी विकता येते. 'वर्ग २' असेल तर सरकारची परवानगी लागते. जमीन घेणाऱ्याने हे आधी पाहावे. मागून कपाळाला हात लावून काय उपयोग?

क्षेत्र हेक्टर आणि आर असे लिहिलेले असते. आपण एकर-गुंठे बोलतो, म्हणून गोंधळ होतो. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. 'पो.ख.' म्हणजे पोटखराबा, म्हणजे खडकाळ, ओढ्याची अशी न पिकणारी जमीन. 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतो. कर्ज फिटले तरी बोजा आपोआप उतरतोच असे नाही. बँकेचा दाखला घेऊन तो उतरवून घ्यावा लागतो.

आणखी एक ओळ असते. बहुतेक लोक ती वाचतच नाहीत. 'प्रलंबित फेरफार' अशी ती ओळ आहे. फेरफार म्हणजे नावातला, हक्कातला बदल. त्यापुढे 'नाही' असेल तर ठीक. 'आहे' असेल तर काहीतरी बदल चालू आहे. कोणता बदल, ते लगेच पाहिले पाहिजे.

आमच्या वर्गाला येणाऱ्या एका काकूंची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. मालक वारून वर्ष झाले होते. "जमीन आपलीच आहे, कुठं जातीय?" असे त्या म्हणत. एके दिवशी वर्गात आम्ही सगळ्यांचे सातबारे मोबाईलवर उघडून वाचत होतो. काकूंच्या सातबारावर मालकांचेच नाव होते. आणि खाली लिहिले होते, प्रलंबित फेरफार: आहे.

काकू घाबरल्या. आम्ही 'आपली चावडी' उघडली. हीसुद्धा सरकारचीच जागा आहे आणि फुकट आहे. फेरफाराची नोटीस पूर्वी चावडीच्या भिंतीवर लावत. ती कोण वाचणार? आता ती मोबाईलवरही दिसते. जिल्हा, तालुका, गाव निवडले की गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. तिथे वारस नोंदीची नोटीस होती. वारस म्हणून दोन मुलगे लिहिले होते. काकूंचे नाव नव्हते. लग्न झालेल्या मुलीचेही नव्हते.

मुलांच्या मनात पाप होते की कागद भरणाऱ्याने चूक केली, ते आम्ही विचारले नाही. घरात विस्तव कशाला टाकायचा? पण १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हक्क जात नाही.

हरकत घ्यायला १५ दिवस असतात. काकूंचे पाच दिवस उरले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. अक्षर वाकडे होते, पण त्यांचे होते. अर्ज तलाठ्यांकडे दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाव मात्र अजून तलाठीच म्हणतो.) हरकत नोंदली गेली. पुढे सुनावणी झाली. मुले तिथे काही बोलली नाहीत. आज त्या सातबारावर चार नावे आहेत. पाच दिवस उशीर झाला असता तरी दाद मागता आली असती. पण मग अपील, वकील, हेलपाटे!

म्हणून घरात कोणी वारले की तीन महिन्यांच्या आत तलाठ्यांना कळवून वारस नोंद करून घ्यावी. आणि अर्जात कोणाकोणाची नावे लिहिली ते स्वतः वाचूनच सही करावी.

एक खबरदारी सांगायची राहिली. फुकट दिसणारा सातबारा पाहण्यापुरता असतो. त्यावर सही नसते. आमच्या ओळखीच्या एकाने तोच छापून घेतला, दुकानदाराला शंभर रुपये दिले, आणि बँकेने तो परत केला. बँकेला, कचेरीला डिजिटल सहीचा सातबारा लागतो. तोही सरकारच्याच जागेवर मिळतो. त्याची फी १५ रुपये आहे. त्यावर तलाठ्यांची शाई-सही लागत नाही. दुकानात काढून घेतलात तर छपाईचे चार पैसे जास्त द्या, पण शंभर कशाचे?

नमुना १२ वरचे पीक आता शेतकऱ्याला स्वतःच नोंदवता येते. 'ई-पीक पाहणी' हे फुकट ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाले. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. प्रत्येक हंगामाला मुदत असते. ती गेली की पेरा कोरा राहतो. मग नुकसानभरपाईच्या वेळी "तुम्ही सोयाबीन पेरलंच कुठं होतं?" असे ऐकावे लागते. शेतात रेंज नसते, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. जमलेच नाही तर तलाठ्यांना विचारावे.

सातबाराशी संबंध नाही, तरी 'दामिनी'चे नाव इथे सांगून ठेवतो. हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने केले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते इशारा देते. तेही फुकट आहे. इशारा आला की झाडाखाली उभे राहायचे नाही, पक्क्या घरात जायचे.

पुढच्या खेपेस येताना मोबाईल चार्ज करून आणा. ८अ चा उतारा वाचायचा आहे. त्यात एका खात्यावरची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. गट नंबर आठवत नसेल तर जुनी पावती घेऊन या.