जुन्या फोनची डागडुजी

घरात नवा स्मार्टफोन आला की जुना फोन मुलांकडे जातो. थोरल्या भावाचा फोन धाकट्या बहिणीला मिळतो. शहरात नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्याचा फोन गावी आईवडिलांकडे पोचतो. काटकसरीची ही सवय आपल्या समाजाने कष्टाने जोपासली आहे आणि तिच्यात उणे काही नाही. मात्र त्याच फोनवर शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी येतो, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे संदेश येतात, यूपीआयचे व्यवहार होतात. म्हणून फोन चालतो आहे एवढे पाहून भागत नाही. त्याची डागडुजी अजून होते आहे का, हेही पाहावे लागते.

फोन चालविणारी अँड्रॉइड प्रणाली म्हणजे कोट्यवधी ओळींचे लिखाण. एवढ्या मोठ्या लिखाणात चुका राहतातच आणि त्यांतल्या काही अनेक वर्षांनी कोणाच्या तरी ध्यानात येतात. अशा चुकीतून परक्या माणसाला फोनमध्ये शिरता येते. ती बुजविण्यासाठी कंपनी जी दुरुस्ती पाठविते, तिलाच ‘सिक्युरिटी अपडेट’ म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर घराची कौले चाळतात, त्याच जातीचे हे काम. फक्त ते वर्षातून एकदा करून पुरत नाही.

२०१५ साली ‘स्टेजफ्राइट’ या नावाने गाजलेला दोष उघडकीस आला. विशिष्ट प्रकारे तयार केलेला एक व्हिडिओ संदेश आला की, मालकाने तो उघडला नाही तरी, फोनचा ताबा परक्याकडे जाऊ शकत होता. कोट्यवधी फोन या दोषाच्या कक्षेत होते. गुगलने दुरुस्ती तयार केली होती. अडचण ती लोकांच्या हातातील फोनपर्यंत पोचविण्याची होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गुगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याचा पायंडा पाडला.

ही वाट लांबची आहे. गुगलची दुरुस्ती फोन बनविणाऱ्या कंपनीकडे जाते. क्वालकॉम, मीडियाटेक यांसारख्या चिप बनविणाऱ्या कंपन्यांच्या दुरुस्त्याही तेथेच येतात. मग ती कंपनी आपल्या प्रत्येक मॉडेलवर त्या तपासून घेते. स्वस्त आणि जुन्या मॉडेलसाठी हा खर्च करण्यात तिला लाभ दिसत नाही, म्हणून काही वर्षांनी ती थांबते. ॲपल फोन आणि प्रणाली दोन्ही स्वतःच बनविते, त्यामुळे तेथे ही साखळी आखूड आहे. पण आयफोनलाही कधीतरी दुरुस्ती बंद होतेच.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट सहसा सांगितली जात नाही. दुरुस्ती प्रसिद्ध होते, तेव्हा दोष नेमका कोठे होता हेही जगाला कळते. जुने आणि नवे लिखाण शेजारी ठेवून चोरही ते वाचू शकतो. ज्यांच्या फोनवर दुरुस्ती पोचली ते वाचतात. ज्यांच्यावर ती कधीच पोचणार नाही, त्यांचा धोका त्या दिवसापासून वाढतो. हातोहात आलेला जुना फोन वापरणारा बहुधा याच दुसऱ्या गटात असतो. नवा फोन ज्याला परवडत नाही, त्याचेच दार उघडे राहते.

आपला फोन कोणत्या गटात आहे, हे पाहणे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ किंवा ‘सिक्युरिटी’ या सदराखाली ‘सिक्युरिटी अपडेट’ अथवा ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख दिलेली असते. ती एकदोन महिन्यांपूर्वीची असेल तर उत्तम. वर्ष उलटून गेले असेल आणि नवे अपडेट शोधूनही मिळत नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करू नयेत; धडे, शब्दकोश, गाणी यांसाठी तो खुशाल वापरावा. बँकेशी जोडलेले सिमकार्ड मात्र घरातील सर्वांत नव्या दुरुस्तीच्या फोनमध्ये असावे. ॲपची अपडेट्स वेगळी असतात आणि ती जुन्या फोनवरही बराच काळ मिळतात. २०१९ च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपच्या कॉलमधून, तो उचलला नाही तरी, हेरगिरीचे सॉफ्टवेअर फोनमध्ये घालता येत असल्याचे उघड झाले. तेव्हा उपाय ॲप अद्ययावत करणे हाच होता.

अर्थात, लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल स्वतःच्या हाताने बसविली, तर ताजे अपडेटही फारसे कामास येत नाही. आपल्याकडील बहुतेक फसवणूक अशीच, माणसाला भुलवून होते. अप्पमाद तेथे माणसालाच पाळावा लागतो.

नवा फोन घेताना कॅमेऱ्याआधी एक प्रश्न विचारावा: या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार? गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांची हमी जाहीर केली. पण हे महागडे फोन आहेत. स्वस्त फोनची मुदत पुष्कळदा बरीच कमी असते, आणि ती आपण फोन घेतल्यापासून नव्हे, तर मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत मिळाले, तर ती दोन वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात. दुकानदाराला हे ठाऊक नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचे नाव घालून पाहावे. वसतिगृहातील थोरली मुले हे काम पाच मिनिटांत करून देतील.