सादो बेटांतील सोन्यारुप्याच्या शिरा व खाणकामाच्या चित्रगुंडाळ्या

खाणीसंबंधाचे जुने कागद वाचणारास अक्षर लागलें म्हणजे अर्थ लागलाच असें नाहीं. ज्या खडकांतून धातु निघाला त्याची रचना ठाऊक नसेल, तर हिशेबांतील चढउतार, अधिकाऱ्यांचे हुकूम व चित्रांतील यंत्रें हीं सर्व मुकींच राहतात. जपानच्या पश्चिमेकडील समुद्रांत असलेल्या सादो बेटाचें उदाहरण याविषयीं फार बोधप्रद आहे. कारण तेथें खडक व कागद हे दोन्ही साक्षीदार शाबूत आहेत. त्यांची परस्परांशीं रुजुवात करून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सादोचें क्षेत्रफळ सुमारें ८५५ चौरस किलोमीटर आहे. राजधानीपासून दूर असल्यामुळें तें पूर्वीं हद्दपारीचें ठिकाण होतें. इ. स. १२२१ त माजी सम्राट् जुन्तोकु, १२७१ त बौद्ध आचार्य निचिरेन व १४३४ त नाट्याचार्य झेआमि यांस तेथेंच धाडण्यांत आलें. बेटाच्या खाणींकडील भागांतला खडक ज्वालामुखीपासून झालेला आहे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं भूगर्भांतील उष्णतेनें तापलेलें पाणी या खडकाच्या भेगांतून वर चढूं लागलें. त्यांत गारेचा अंश, सोनें व रुपें हीं विरघळलेलीं होतीं. वर येतांना दाब कमी होऊन पाणी उकळलें व पुढें निवलें; तेव्हां हे पदार्थ भेगांच्या भिंतींवर थरावर थर बसत गेले. याप्रमाणें भरून आलेल्या भेगांसच धातुशिरा म्हणतात. पांढऱ्या गारेंत जे काळे पट्टे दिसतात ते मुख्यतः रुप्याच्या गंधकयुक्त खनिजांचे असून सोन्याचे सूक्ष्म कण बहुधा त्यांच्याच आश्रयानें राहतात. जपानी खाणकरी या पट्ट्यांस ‘गिंगुरो’, म्हणजे ‘रुप्याचा काळिमा’, असें म्हणतात.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शीर ही जमिनींत आडवी पसरलेली चादर नव्हे. ती खोल उतरलेली पातळ भिंत होय. आओबान नांवाची तेथील सर्वांत मोठी शीर सुमारें २१०० मीटर लांब व ५०० मीटर खोल असून रुंदीस मात्र अवघी ६ मीटर आहे. सादोचा पुढील सर्व इतिहास या एका आकारांतून निघतो.

शिरांचा माथा झिजला म्हणजे सोन्याचे कण वाळूमातींत मिसळतात; म्हणून अशा प्रदेशांत मनुष्याचा हात प्रथम वाळूच्या सोन्यास लागतो. बाराव्या शतकांतील ‘कोन्जाकु मोनोगातारिशू’ या कथासंग्रहांत सादोस जाऊन सोनें काढणाऱ्या लोकांची कथा आलेली आहे. पुढें १५४२ त त्सुरुशि येथें रुप्याची व १६०१ त आइकावा येथें सोन्यारुप्याची खाण सुरू झाली. १६०३ पासून तोकुगावा सरकारनें हा मुलूख थेट आपल्या अमलाखालीं घेऊन ओकुबो नागायासु यास कारभारी नेमिलें. माथ्यावरून शीर खणीत गेल्यानें दोयू नांवाचा डोंगर वरून दुभंगलेला आजहि दिसतो. ती चीर सुमारें ३० मीटर रुंद व ७४ मीटर खोल आहे. १६२१ पासून आइकावा येथेंच सोन्याचीं कोबान नाणीं पडूं लागलीं.

परंतु भिंतीचा माथा संपला म्हणजे खालीं उतरणें भाग पडतें, आणि खालीं पाणी असतें. सतराव्या शतकाच्या मध्यास मळसूत्राचे पाणीओढे आले. १६९१ ते १६९६ या काळांत मिनामिझावा येथें पाणी समुद्राकडे काढून देण्याकरितां सुमारें एक किलोमीटर लांबीचा बोगदा खोदला गेला. निरनिराळ्या ठिकाणांहून एकाच वेळीं खोदीत येऊन त्याचीं तोंडें मिळविलीं, यावरून तत्कालीन मोजणीची कसोशी कळते. तरीहि पाणी हटेना. १७७८ पासून एदो व इतर शहरांतून ‘मुशुकु’, म्हणजे गांवच्या वहींत ज्यांचें नांव नाहीं असे लोक, पाणी उपसण्याकरितां धाडण्यांत येऊं लागले. वहींत नांव नसणें हाच त्यांतील पुष्कळांचा अपराध होता.

आतां चित्रगुंडाळ्यांकडे वळूं. अठराव्या शतकापासून सुमारें शंभर वर्षें सादोच्या सरकारी कचेरीच्या चित्रकारांनीं खाणकामाच्या लांब गुंडाळ्या रंगविल्या. त्यांच्या शंभराहून अधिक प्रती आज जपानांत व परदेशीं उपलब्ध आहेत. शीर फोडणें, पाणी ओढणें, दगड दळून धुणें, शिशाच्या योगानें सोनेंरुपें वेगळें काढणें व शेवटीं नाणीं पाडणें असा त्यांचा क्रम असतो. सोन्यांतील रुपें मीठ लावून भाजण्याच्या युक्तीनें काढीत. आपल्याकडे ‘आईन-इ-अकबरी’मध्यें टांकसाळीच्या वर्णनांत क्षार व विटांची पूड लावून सोन्याचे पत्रे भाजण्याची रीति दिली आहे, ती याच जातीची होय.

यांतील पुष्कळ गुंडाळ्यांवर काळाचा उल्लेख नाहीं. तेथें यंत्रें व इमारती साक्षीस येतात. दगड दळण्याधुण्याचीं विखुरलेलीं कामें १७५९ त कचेरीच्या आवारांत एकत्र आणिलीं. तें आवार ज्या गुंडाळींत चितारलें असेल ती त्यापूर्वींची असणें शक्य नाहीं. उलट, नवें साधन दिसत नाहीं एवढ्यावरून गुंडाळी जुनी ठरवूं नये; कारण जुन्या मूळ चित्रावरून मागाहून नक्कल होऊं शकते. असलेली वस्तु प्रमाण आहे, नसलेली नव्हे. हा नियम संग्राहकांनीं अवश्य पाळावा.

१६०१ पासून १९८९ त काम बंद होईपर्यंत या खाणींतून सुमारें ७८ टन सोनें व २३३० टन रुपें निघालें. २०२४ सालीं युनेस्कोनें हें स्थळ जागतिक वारशांत घेतलें. त्या प्रसंगीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तेथें राबविलेल्या कोरियन मजुरांचा इतिहासहि पाहणारांपुढें मांडण्याचें जपाननें मान्य केलें. चित्रगुंडाळी ही कचेरीनें करविलेली असल्यामुळें तिच्यांत कामाची रीति सांपडते, काम करणाराचें नांव सांपडत नाहीं. तें शोधावयाचें तर खडक, चित्र व वही हीं तिन्ही जवळ ठेवूनच वाचलीं पाहिजेत, असें आमचें मत आहे.