ओळखा पाहू: रंगाच्या आधी चोच आणि पंख

पक्षीनिरीक्षक जमले की हा खेळ हमखास रंगतो. एकानं फोटो दाखवायचा, बाकीच्यांनी पक्षी ओळखायचा. युरोपात तो जुनाच आहे. १९०७ साली सुरू झालेल्या ‘ब्रिटिश बर्ड्स’ या मासिकात एका अंकात कोड्याचा फोटो आणि पुढच्या अंकात उत्तर, असं सदर चालायचं. आता लंडनला, म्युनिकला स्थायिक झालेली आपली मंडळीही परसातल्या पाखरांचे फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ‘ओळखा पाहू’ म्हणतात. या खेळातून शिकायला भरपूर मिळतं. मात्र काही समजुती मनात इतक्या पक्क्या असतात की उत्तर सुरुवातीलाच चुकतं.

त्यातली सर्वात पक्की समजूत म्हणजे रंग कळला की पक्षी कळला. युरोपातला रॉबिन घ्या. नारिंगी छातीमुळे तो कुणीही ओळखतो, पण घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगावर त्या नारिंगीचा मागमूस नसतो. ते तपकिरी आणि ठिपकेदार असतं. ब्लॅकबर्डचा नर काळाभोर आणि पिवळ्या चोचीचा, तर मादी तपकिरी. मॅलार्ड बदकाचा हिरव्या डोक्याचा नर विणीनंतर, ऐन उन्हाळ्यात ती सगळी चमक टाकून मादीसारखा दिसू लागतो. तेव्हा तळ्यावर सगळ्या माद्याच आहेत असं वाटतं. चोच बघितली की उलगडा होतो: नराची पिवळसर-हिरवट, मादीची नारिंगी-तपकिरी.

स्टारलिंगची गोष्ट तर फारच सुंदर आहे. हिवाळ्यात त्याच्या अंगभर पांढरट ठिपके दिसतात, वसंतात तो काळा आणि चकचकीत होतो. ही पिसं नवीन नसतात. शरद ऋतूत आलेल्या पिसांची फिकट टोकं हिवाळाभर झिजत जातात आणि खालची चमक उघडी पडते. चोचही त्याच सुमारास पिवळी होते. म्हणजे एकाच पक्ष्याचे डिसेंबरातले आणि एप्रिलमधले फोटो शेजारी ठेवले, तर नवखा माणूस दोन वेगळी नावं सांगेल. हेरिंग गल या कुरव पक्ष्याला तर प्रौढ पिसारा यायला चार वर्षं लागतात आणि दरवर्षी तो वेगळा दिसतो. बझर्ड हा शिकारी पक्षी जवळजवळ पांढऱ्यापासून गडद तपकिरीपर्यंत कुठल्याही छटेत आढळतो.

‘भडक तो नर, फिका ती मादी’ हाही नियम सगळीकडे चालत नाही. रॉबिनचे नर-मादी सारखेच दिसतात. लाल मानेच्या फॅलारोपमध्ये मादी अधिक रंगीत असते आणि अंडी नर उबवतो. खंड्याच्या ज्या छोट्या निळ्या जातीला आपण ओढ्याकाठी बघतो, तीच जात युरोपातही आहे. तिच्यात नर-मादीतला फरक पिसांत नसून चोचीत आहे: नराची चोच पूर्ण काळी, मादीची खालची चोच नारिंगी-लाल.

फोटोवरून आकारमानाचा अंदाज बांधणं सर्वात धोक्याचं. झूम केलेला गोल्डक्रेस्ट पडदाभर दिसतो. प्रत्यक्षात त्याचं वजन पाच-सहा ग्रॅम. शेजारी पान, फांदी किंवा दुसरा ओळखीचा पक्षी नसेल तर आकारमानावर बोलूच नये.

आता माझ्या मते सर्वात महत्त्वाचा गैरसमज. फोटो स्वच्छ असला की उत्तर मिळालंच पाहिजे, असं अनेकांना वाटतं. चिफचाफ आणि विलो वॉर्बलर हे दोन पर्ण वटवटे समोर ठेवा. दोघेही चिमुकले, हिरवट-तपकिरी, पोटाकडे फिकट. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात हे वेगळे पक्षी आहेत हे ओळखलं, ते प्रामुख्यानं गाण्यावरून. फोटोत गाणं नसतं, म्हणून बारकावे शोधावे लागतात. चिफचाफचे पाय बहुधा काळपट, विलो वॉर्बलरचे बहुधा फिकट गुलाबी-तपकिरी. पण इथं ‘बहुधा’ हा शब्द विसरून चालत नाही. त्याहून भरवशाची खूण पंखात आहे. मिटलेल्या पंखावर आतली आखूड पिसं जिथं संपतात, तिथून पुढं लांब उड्डाणपिसांची टोकं किती बाहेर आली आहेत ते पाहायचं. विलो वॉर्बलरमध्ये हा बाहेरचा भाग आतल्या पिसांच्या दिसणाऱ्या लांबीइतका असतो, चिफचाफमध्ये साधारण निम्मा. कारण प्रवासात आहे. विलो वॉर्बलर सहारा ओलांडून आफ्रिकेत जातो. बहुतेक युरोपीय चिफचाफ भूमध्य समुद्राच्या आसपास हिवाळा काढतात, काही पश्चिम आफ्रिकेपर्यंत जातात. लांबचा पल्ला मारणाऱ्याचे पंख लांब. पण फोटोत पंख पानाआड असेल, तर ‘दोहोंपैकी एक’ हेच प्रामाणिक आणि पूर्ण उत्तर.

हातात पक्षी असूनही तज्ज्ञ फसले आहेत. मार्श टिट आणि विलो टिट इतके सारखे की ब्रिटनमध्ये विलो टिट आहे हेच १८९७ पर्यंत कुणाला कळलं नव्हतं. त्या वर्षी हार्टर्ट आणि क्लाइनश्मिट या जर्मन पक्षीतज्ज्ञांना ब्रिटिश म्युझियममधल्या मार्श टिटच्या नमुन्यांत तो सापडला.

तारीख आणि ठिकाण विचारणं म्हणजे कॉपी करणं, असं खेळणाऱ्यांपैकी काहींना वाटतं. मला हे अजिबात पटत नाही. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे अ‍ॅपसुद्धा फोटोसोबत तारीख आणि ठिकाण विचारतं. आपल्या ज्वारीच्या शेतांवर थव्यानं उतरणारी भोरडी आग्नेय युरोपापासून मध्य आशियापर्यंत वीण करते. पश्चिम युरोपात ती क्वचित भरकटून पोचते. ऑक्टोबरात तिथं फिकट वाळूच्या रंगाचा, पिवळसर चोचीचा स्टारलिंगसारखा पक्षी दिसला, तर ते भोरडीचं पिल्लू असण्याची शक्यता खरीच असते, कारण साध्या स्टारलिंगची पिल्लं तोवर ठिपकेदार झालेली असतात. तोच तपकिरी पक्षी जूनमध्ये दिसला, तर आधी साध्या स्टारलिंगचं पिल्लू आठवावं. बागेतल्या काळ्या पक्ष्यावर पांढरे डाग दिसले की लोक दुर्मीळ जात शोधू लागतात. रंगद्रव्याच्या कमतरतेमुळे ब्लॅकबर्डमध्ये असे डाग अनेकदा दिसतात.

फोटो टाकणाऱ्यांना माझी विनंती आहे. एकच देखणा फोटो निवडू नका. पाठमोरा, बाजूचा, उडतानाचा, जे असतील ते सगळे द्या, सोबत महिना आणि जागा सांगा. अंदाज बांधणाऱ्यांनी नुसतं नाव न लिहिता ते कशावरून सुचलं हेही लिहावं. आणि घरट्यावरच्या पक्ष्यांचे फोटो या खेळात आणूच नका. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार खंड्यासारख्या विशेष संरक्षित पक्ष्यांना घरट्यापाशी जाणूनबुजून त्रास देणं हा गुन्हा आहे.